खुटबावचे दोनशे नव्वद फूट

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत फुटाची दोन मापे चालतात. एक दुकानात मिळणाऱ्या टेपवरचे आणि दुसरे म्हाळूआबांचे. बांधावर भांडण पेटले, की तुझा बोअर खोल की माझा, तर लोक टेप गुंडाळून ठेवतात आणि एवढेच विचारतात, “म्हाळूआबानं किती सांगितलं?” आबांचा आकडा ऐकला की वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापल्या घरी जेवायला जातात. बत्तीस वर्षे हा माणूस बोअरच्या गाडीवर उभा राहिला. लोखंडी रॉडमागून रॉड त्याने भूमीच्या पोटात उतरवला आणि पोटातले वर आले ते डोळे भरून पाहिले. मी कीर्तनकार, जन्मभर लोकांना वर पाहायला शिकवत फिरलो आणि ते जन्मभर खाली पाहत राहिले. म्हणूनच आमचे जमले असावे.

“बुवा,” ते मला नेहमी म्हणत, “तुमचं बरं हाय. वरचं कोन मोजाया जात न्हाई. माझं मातूर लोक दोरी सोडून बघत्यात.”

या माणसाची ही गोष्ट आहे. त्याने आयुष्यात एकदाच फुटांबाबत खोटे सांगितले, आणि ते एकच खोटे अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या नातीच्या पायाखाली येऊन बसले. ते तिथे कसे पोहोचले ते सांगतो.

म्हाळूआबांचे वय आज चौऱ्याहत्तर. दौंडला रुळांपलीकडच्या वस्तीत त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. मुलगा महेंद्र रेल्वेत कामाला आहे. दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची शांत मूर्ती. त्या मूर्तीसमोर मी हात जोडले की आबा मिस्कीलपणे विचारतात, “हितंबी काही मागताय का, बुवा? हे काही देत न्हाईत हां. हे निस्तं बघत्यात.” घराच्या मालकीण म्हणजे आबांच्या पत्नी भागुबाई. स्वभावाने कडक आणि हाताने उदार. त्यांच्या लुगड्यांवर आबांच्या साऱ्या विद्येचा पाया उभा आहे, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

त्याचे असे आहे. बोअरची गाडी सुरू झाली की तिच्या आवाजात माणसाला स्वतःचे नावसुद्धा आठवत नाही, मग रॉडचा हिशेब कुठून आठवणार? म्हणून आबांनी तरुणपणीच एक रीत धरली. कमरेला सुतळी बांधायची आणि वीस फुटांचा एक रॉड खाली गेला की तिला एक गाठ मारायची. भोकातून वर येणारी भुकटी चिमटीत घेऊन पाहायची. काळा कातळ असेल तर गाठीत काळी चिंधी, लाल मातीचा थर असेल तर लाल, आणि जाळीचा खडक लागला, म्हणजे ज्याच्या अंगाला बारीक भोके असतात तो, तर पांढरी. चिंध्या अर्थात भागुबाईंच्या लुगड्यांच्या. संध्याकाळी घरी आले की दोरी वाचून वही लिहायची. वही लोकांसाठी, दोरी स्वतःसाठी. वह्या फळीवर दिसायच्या. दोऱ्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत असायच्या, आणि त्या आहेत हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हते.

“माझी तीन लुगडी यांनी पाताळात घातली,” भागुबाई सांगत. “वर आलं काय? निस्ता धुरळा.”

आता नातीकडे येतो. महेंद्र आणि सीमा यांची मुलगी दीक्षा ही आजोबांच्याच वाटेने जात दगडांचे शास्त्र शिकली. रोज सकाळच्या डेमू लोकलने ती पुण्याला जाते आणि एका संशोधन संस्थेत काम करते. गेल्या वर्षी संस्थेने तिला तिचे पहिले स्वतंत्र काम दिले. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो आणि पृथ्वीला ताप आणतो, तो धुराड्यातच धरायचा, पाण्यात विरघळवायचा आणि खोल काळ्या खडकात कोंडायचा, असा जगभर प्रयत्न चालू आहे. आपल्याकडे जमिनीचा पाया म्हणजे तोच खडक. तेव्हा या दोन तालुक्यांच्या पोटात असा किती वायू मावेल, याचा पहिला अंदाज दीक्षाने काढायचा होता.

तिने हे घरी सांगितले तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

“म्हंजी सोडा वाटर करून जमिनीला पाजायचं,” आबा म्हणाले.

“तसंच समजा, आबा. खडकात चुना असतो. त्या पाण्याशी तो हळूहळू जुळतो आणि भोकांमध्ये पांढरा दगड तयार होतो. एकदा दगड झाला की वायू बाहेर येत नाही.”

आबा उठले. कोनाड्यातून जाळीच्या खडकाचा एक तुकडा काढला. त्याच्या भोकांत पांढरे दाणे होते. त्यांनी एक दाणा खिळ्याने उकरला, बत्त्याखाली चुरला आणि त्यावर लिंबू पिळले. चुरा बारीक फसफसला. हा त्यांचा जुना खेळ. गाडीभोवती पोरे जमली की ते हा प्रयोग करीत आणि “दगडाला ढेकर आली” असे सांगून त्यांना पळवून लावीत.

“ढेकर न्हाई तर काय हाय हे?”

दीक्षा त्या फसफशीकडे पाहतच राहिली. “आबा, हाच तो वायू. निसर्गानं आधीच कोंडून ठेवलेला. तुम्ही इतकी वर्षं तो बाहेर काढून पोरांना हसवताय.”

“मग गुन्हा दाखल कर माझ्यावर.” आबांनी लिंबाची फोड चहाच्या कपात टाकली. “मावंल किती, ते कसं काढनार?”

दीक्षाने बोटांवर सांगितले. आधी एकूण खडक किती ते धरायचे. मग काळा टणक कातळ सोडून द्यायचा, कारण त्यात शिरकाव नाही. उरलेल्या जाळीच्या खडकातही भोके एकमेकांना जोडलेली असतील तेवढीच कामाची. त्यातूनही जिथे पाणी पोहोचेल तेवढीच. असे वजा करत करत शेवटी मोठ्या डोंगरातून मूठभर जागा उरते. “कागदावर मावतं ते आणि खरं मावतं ते, यांत फार फरक असतो, आबा.”

“एश्टीसारखं हाय,” आबा म्हणाले. “किती मावत्यात ते कंडक्टरला इचारू नगं. तो पुढं सरका, पुढं सरका म्हनत ऱ्हातो. दारात लटकलाय त्याला इचार.”

आणि ते हसत हसत फळीकडे गेले आणि एकशे ऐंशी बोअरांच्या साऱ्या वह्या त्यांनी नातीच्या ओंजळीत दिल्या. ज्या माणसाने दोन तालुक्यांच्या भूमीचे अंतरंग पाहिले, त्याने ते अंतरंग उचलून पुढच्या पिढीला द्यावे, याहून मोठे दान मी पाहिलेले नाही. माझे डोळे भरून आले. भागुबाई म्हणाल्या, “बुवा रडाया लागले. चहात साखर कमी हाय का?”

दीक्षाने दोन महिने त्या वह्या संगणकात भरल्या. अहवाल सोमवारी वाचायचा होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी रात्रीच्या जेवणाला ती आनंदाने फुलून बसली आणि म्हणाली,

“आबा, सगळ्यात भारी जागा सापडली. खुटबावला. जाळीचा थर किती जाड असावा? दोनशे नव्वद फूट. आसपास कुठंच एवढा नाही. एकट्या त्या थरानं माझा आकडा दुपटीच्या वर गेला. संस्थेतल्या सारिका मॅडम म्हणाल्या, तपासणीचं मशीन तिथंच न्यायचं. तुम्ही वहीत काय छान लिहिलंय, ‘अनारशासारखा जाळीचा’. मी अहवालात त्या थराला नावच दिलंय, अनारसा थर.”

म्हाळूआबांनी ताटात हात धुतले. मग त्यांच्या लक्षात आले की आपण अजून एक घासही खाल्लेला नाही.

“कोनाचा बोअर म्हनलीस?”

“हौशीराम मामांचा. झेंडूवाले.”

आता त्या बोअरची हकीकत.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची दिवाळी. खुटबावचा हौशीराम तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अंगाने सडसडीत आणि लग्नाला उतावीळ. वडगाव रासाईच्या एका बागायतदाराची मुलगी त्याच्या मनात भरली होती. पण मुलीचे वडील भीमेच्या काठचे. त्यांनी निरोप धाडला होता, की आमची पोर पाण्यात वाढली आहे, पाचशे फुटांच्या आतल्या बोअरवर ती द्यायची नाही. आमच्याकडच्या माणसांचा हा एक खास समज आहे. बोअरला पाणी किती, हे कुणी विचारत नाही. खोली किती, तेच विचारतात. खोल बोअर म्हणजे खानदान खोल.

हौशीरामने अंगणात गाडी लावली आणि दोनशे दहा फुटांवर रॉडच्या टोकाचा हातोडा कातळात अडकला. दिवसभर ओढून आला नाही. शेवटी गाडीवाल्याने तो तिथेच सोडला आणि रॉड वर घेतले. दुसऱ्या दिवशी सासरे येणार होते.

“म्हाळूदादा, वहीत पाचशे लिवा,” हौशीराम म्हणाला.

“आन् खालचं दोनशे नव्वद?”

“ते कोन बघाया जातंय?”

“तुझ्या सासऱ्याला म्हनावं, एवढी हौस हाय तर पोरीसंगं नदीबी पाठव.”

“चेष्टा नगा करू. माझं लगीन तुमच्या पेनात हाय.”

हौशीरामच्या आईने अनारशांचे ताट पुढे ठेवले. आबांनी एक उचलला आणि ते विरघळले. पण वहीत नुसता फूट लिहून भागत नाही, फुटासमोर खडकही लिहावा लागतो. त्या साऱ्या मोसमात आबांनी काळ्या कातळाशिवाय दुसरे काही पाहिले नव्हते. त्यांचा जीव कंटाळला होता. लिहायचेच आहे तर चांगले लिहू, असे म्हणून त्यांनी दोनशे दहापासून पाचशेपर्यंत जगातला सर्वांत सुंदर खडक लिहून काढला, आणि उपमा हाताशी होती ती दिली. हौशीरामने मात्र वचन घेतले: शेवंता जिवंत आहे तोवर हे तोंडातून काढायचे नाही.

सासरे आले. वही वाचली. आकड्यावरून बोट फिरवले आणि हो म्हणाले. शेवंताबाई खुटबावला आल्या. पुढे कालव्याचे पाणी आले, झेंडू फुलला, संसार फुलला आणि त्या बोअरकडे कुणी पाहिलेही नाही. कारण लग्नाच्या आधी आठ दिवस हौशीरामने बोअरच्या तोंडावर शहाबादी फरशी बसवून तिच्यावर तुळशीवृंदावन बांधले होते. या वृंदावनाचा दाखला मी स्वतः कितीतरी गावांत दिलेला आहे. लक्ष्मी घरात येण्याआधी ज्याने अंगणात तुळस आणली असा तरुण पाहायचा असेल तर खुटबावला जा, असे मी सांगत असे. टाळ्याही पडत.

तर असा प्रसंग. बोलावे तर बत्तीस वर्षांचा फूट मोडतो आणि हौशीरामला दिलेला शब्दही मोडतो. न बोलावे तर पोर आपल्या सहीने नसलेला खडक अहवालात मांडणार, मशीन येणार, खाली काळा कातळ निघणार आणि पहिल्याच कामात तिचे नाव जाणार. आबांनी आधी आडवाटेने जाऊन पाहिले.

“दीक्षा, खडक म्हंजी जित्राब हाय बग. अठ्ठावीस वर्सांत हिकडचा तिकडं सरकतो.”

“साडेसहा कोटी वर्षं जागचा हलला नाही, आबा. नेमका तुमच्या वहीनंतर हलला?”

“तिथं नाग हाय.”

“मशीनच्या आवाजानं जाईल.”

शुक्रवारी आबा डेमूत बसून खुटबावला गेले. मीही सोबत होतो. आदल्या रात्री त्यांनी मला सारे सांगून टाकले होते आणि माझ्या दाखल्याची फरशी माझ्याच डोक्यात पडली होती. हौशीराम फुलांच्या क्रेटवर बसला होता. ऐकून त्याचा चेहरा निर्माल्यासारखा झाला.

“आबा, सोपं हाय. मी जागा देत न्हाई म्हनतो.”

“म्हन.”

“म्हनलोच समजा.”

तेवढ्यात शेवंताबाई घरातून बाहेर आल्या, कानाचा फोन खाली घेत. “आबा, बरं झालं आला. तुमच्या नातीचा आताच फोन आला व्हता. म्या सांगितलं, जागा काय, अक्खं अंगण घ्या. पाच ठिकानी कळवलं बगा. माझ्या भावाला म्हनलं, दोन तालुक्यांत आमच्यासारखा बोअर न्हाई. पुन्याची मान्सं म्हनत्यात, मी न्हाई.”

हौशीरामने क्रेटमधला एक झेंडू उचलला आणि पाकळ्या मोजू लागला.

शनिवारी सकाळी संस्थेची जीप आली. सारिका मॅडम म्हणजे दीक्षाच्या वरिष्ठ, मितभाषी आणि नजरेने तीक्ष्ण. अहवालात जागेचे नाव घालण्यापूर्वी जुन्या बोअरमध्ये टेप सोडून खोली पडताळायची, असा त्यांचा नियम. दीक्षा टेपचे चक्र घेऊन अंगणात उभी राहिली.

“मामा, बोअर कुठे आहे?”

हौशीरामने तुळशीकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग आमच्याकडे. “त्याचं काय हाय, मॅडम, देव बसलाय त्येच्यावर. देव हालवत न्हाईत. बुवा, सांगा की.”

सारे माझ्याकडे वळले. शास्त्राधार शोधायला मी तोंड उघडले होते, हे कबूल करतो. पण त्याआधीच म्हाळूआबा पुढे झाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सुतळीचे एक बंडल काढले आणि नातीच्या हातात ठेवले. ते पहाटेच पेटीतून काढून आणले होते. मलासुद्धा सांगितले नव्हते.

“मोज.”

“हे काय आहे?”

“ह्याच बोअरची दोरी. एक गाठ म्हंजी एक रॉड, वीस फूट. मोज.”

दीक्षाने मोजल्या. चिंध्यांचा रंग उडाला होता तरी काळ्या त्या काळ्याच होत्या. दहा गाठी झाल्या आणि शेवटी एक अर्धवट गाठ.

“आबा, पाचशेला पंचवीस हव्यात.”

“पंचवीस वहीत हायेत. जमिनीत दहा आन् अर्धी.”

दीक्षाने गाठी उलट्या टोकाकडून पुन्हा मोजल्या.

“आणि तो अनारसा थर?” दीक्षाने विचारले.

“तो हौशाच्या आईच्या ताटात व्हता.”

सारिका मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांच्या ओठांचे एक टोक थरथरले. ते हसू होते की राग, हे त्या क्षणी कळले नाही. “मग बाकीच्या वह्यांचं काय? त्यांवर विश्वास कसा ठेवायचा?” 

हाच तो घाव. मी आबांकडे पाहिले. ज्या माणसाचा फूट दोन तालुके मानत होते, त्याला कुणी असे विचारण्याची ती पहिली वेळ होती.

“ठेवू नगा,” आबा म्हणाले. “एक खोटं लिवलं त्येच्या बाकीच्यावर इस्वास ठेवू नये. पन एकशे ऐंशी बोअर हायेत, एकशे ऐंशी दोऱ्या हायेत. वही म्या घरी बसून लिवली. दोरी गाडीवर उभं ऱ्हाऊन बांधली. गाठ मारताना सासरा समोर नसतो.” मग नातीकडे वळून हळू आवाजात, “तुझा आकडा मोडला, पोरी. मोडू दे. माझ्यासाठी ठिवू नगंस.”

दीक्षाने फाइल जीपच्या टपावर ठेवली, पेन काढले आणि खुटबावच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली. देवळांतून मी पुष्कळ आरत्या ओवाळल्या आहेत. त्या रेघेइतकी स्वच्छ ज्योत क्वचितच पाहिली.

आणि इतका वेळ ज्यांच्याकडे पाहायचे धैर्य कुणाला झाले नव्हते, त्या शेवंताबाई ओटा उतरून खाली आल्या. त्यांनी सुतळी हातात घेतली, स्वतः मोजली आणि परत दिली.

“म्हंजी मी दोनशे दहावर नांदले.”

“आगं, पानी तर कालव्याचं व्हतं की,” हौशीराम म्हणाला.

“मी पान्याचं इचारते का? फुटाचं म्हनते. माझा बाप पाचशेला हो म्हनला व्हता. माझे दोनशे नव्वद फूट कुठं हायेत?”

“शेवंता, त्याला आता अठ्ठावीस वर्सं झाली.”

“म्हून कमी झाले का?” आणि मग तुळशीकडे बोट करून, “आन् मी हितं रोज सांजच्याला दिवा लावते. कशावर लावते? तुमच्या अडकलेल्या हातोड्यावर?”

हौशीरामने माझ्याकडे मदतीच्या आशेने पाहिले. मी तुळशीला नमस्कार करण्यात गढलो.

“मॅडम,” शेवंताबाई म्हणाल्या, “ते मशीन आनायचं ते हितंच आना. फुकाट जागा हाय. पाचशेच्या खाली जाऊ द्या मातूर.”

सारिका मॅडम म्हणाल्या, आधी दोऱ्या पाहू. तो शनिवार आणि दुसऱ्या दिवशीचा रविवार दौंडच्या त्या दोन खोल्यांत साऱ्यांनी जमिनीवर बसून काढला. पेटी उघडली. दीक्षा गाठी मोजे, मॅडम वही वाचत, भागुबाई चिंधी ओळखत. “ही हिरव्या काठाची, महेंद्रच्या बारशाची. म्हंजी शिरूरकडचा बोअर. त्या साली हे तिकडंच व्हते.” एकशे एकोणऐंशी दोऱ्या वहीशी गाठीनिशी जुळल्या. एकच जुळली नाही, आणि ती कोणती हे सर्वांना ठाऊक होते.

सोमवारी दीक्षाने अहवाल वाचला. लाखो टनांचा तिचा आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. समोरच्यांपैकी एकाने विचारले, की इतका उतरला कसा? ती म्हणाली, “एका बोअरची खोली पडताळणीत चुकीची निघाली. तो काढून टाकला. उरलेल्या प्रत्येक फुटाला पुरावा आहे.” आणि तिने टेबलावर एक दोरी ठेवली. ती दोरी या हातातून त्या हातात पूर्ण दालनभर फिरली, असे तिने मला सांगितले. एकाने चिंधी नाकाला लावून पाहिली.

तिच्या अहवालात शेवटी एक गोष्ट राहिली होती. खुटबावच्या पूर्वेकडच्या दोऱ्यांत अठराव्या गाठीला पांढरी चिंधी होती. पश्चिमेकडच्या दोऱ्यांत ती नव्हती. जाळीचा तो थर मध्येच कुठेतरी संपत होता आणि कुठे ते कुणाला ठाऊक नव्हते. हौशीरामचे अंगण नेमके मध्ये. तिथे खाली काय आहे याची माहिती शून्य, आणि आता तर ती शून्य असल्याची खात्रीही होती. मशीन तिथेच न्यायचे ठरले.

दोन महिन्यांनी ते आले. हे मशीन भुकटी करीत नाही. खडकाची अख्खी नळकांडी वर काढते आणि हळूहळू, पुष्कळ दिवस चालते. हजार फुटांच्याही खाली जायचे होते. जुन्या भोकात हातोडा रुतलेला, म्हणून नवे भोक तीन पावले पलीकडे घेतले, आणि धुरळा नको म्हणून तुळस आणखी पलीकडे नेली. वृंदावनाच्या विटा हौशीरामने एकेक करून डोक्यावर वाहिल्या. शेवंताबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि वीट मोजून घेत होत्या.

म्हाळूआबा रोज डेमूने येत. त्यांना कुणी बोलावले नव्हते आणि कुणी अडवलेही नाही. कमरेला नवी सुतळी. वीस फूट झाले की गाठ आणि गाठीत काळी चिंधी. अकरा झाल्या, बारा झाल्या, पंधरा झाल्या. सगळी काळी. हौशीराम दर गाठीला खांदे पाडी. सोळा. सतरा.

अठराव्या गाठीला नळकांडी वर आली तिचा रंग फिकट होता. दीक्षाने ती पाण्याने धुतली. अंगभर बारीक भोके, काहींत पांढरे दाणे. आबांनी एक दाणा उकरून चुरला आणि शेवंताबाईंकडे लिंबू मागितले. फसफस झाली.

“ढेकर,” आबा म्हणाले.

पुढच्या गाठीला पुन्हा काळा कातळ. थर वीस फुटांचाच होता. दीक्षाने तो तसाच लिहिला, वीस. आणि ‘अनारसा’ हे नाव खोडले नव्हते ते राहू दिले. त्या दिवशी आबांबरोबर आलेल्या भागुबाईंनी आपल्या लुगड्याची पांढरी चिंधी फाडून दिली आणि बजावले, की हे शेवटचे लुगडे.

आबा गाठ आवळत मला म्हणाले, “बुवा, दोनशे नव्वदातले वीस खरे निघाले. तुमच्या कीर्तनातलं एवढं तरी निघतं का?”

मी ते वाक्य पुढच्या कीर्तनासाठी टिपून घेतले.

पंचविसावी गाठ पडली त्या दुपारी मशीन पुढे चालूच होते, पण अंगण थांबले. हौशीरामने दीक्षाकडून जुनी वही मागून आणली, तेच पान उघडले आणि आबांपुढे पेन धरले. “आबा, आता खरं करून टाका. पाचशे.”

शेवंताबाई खुर्चीवरून उठल्या. “वही ठिवा बाजूला. दोरी द्या.”

आबांनी कमरेची सुतळी सोडली, पंचविसाव्या गाठीपाशी कापली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. शेवंताबाईंनी ती पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत बोटांनी चाचपली, मोजताना ओठ हलत होते. मग त्या घरात गेल्या. माजघरात त्यांच्या वडिलांची तसबीर आहे, भीमेकाठच्या त्या बागायतदाराची. तिच्या खिळ्याला त्यांनी ती दोरी अडकवली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या,

“चहा ठिवा. आबा उपाशी हायेत.”